नवतपा आणि माझी कॅप्सूलची बाटली

एमएससाठी, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारासाठी, मी डायमिथाइल फ्युमरेट घेते. पहिले 7 दिवस 120 मिलिग्रॅम दोनदा, पुढे 240 मिलिग्रॅम दोनदा, हा नेहमीचा डोस. तुमच्या न्यूरोलॉजिस्टने वेगळं लिहून दिलं असेल तर तेच पाळा.

रिकाम्या पोटी ही कॅप्सूल घेऊच नका. सुरुवातीला मी ती नुसत्या चहावर घेतली. अर्ध्या तासात चेहरा, कान, मान लालबुंद, तिखट चोळल्यासारखी आग, पोटात मुरडा. आता दोन पोळ्या, वाटीभर दही, आणि जेवणाच्या मधोमध कॅप्सूल. तर्री-पोह्यांवर घेत नाही, माझ्या पोटाला झेपत नाही. कॅप्सूल फोडायची नाही, चावायची नाही. लाली पुढे बहुतेकांची कमी होते. पण ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला तर तडक इमर्जन्सी गाठा.

आता उन्हाचं. हे औषध 30 अंशांखाली, मूळ बाटलीतच ठेवायचं असतं, आणि आपल्याकडे नागपुरात नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा 45च्या वर जातो. एकदा मे महिन्यात कुरियरवाला पार्सल फाटकाशीच ठेवून गेला. दुपारी तीनला उचललं तर बाटली हाताला चटका देत होती. मी फार्मसिस्टला विचारलं आणि ती बाटली वापरली नाही. आता सकाळीच सीताबर्डीला जाऊन स्वतः आणते, स्कूटीच्या डिक्कीत नाही, पर्समध्ये. घरी एसीच्या खोलीत ठेवते, शेजारी छोटा थर्मामीटर.

उन्हातून आल्यावर माझा उजवा डोळा धूसर होतो, पाय जड होतात. गार खोलीत बसलं की उतरतं. एवढ्यावरून औषध लागू पडत नाही असं ठरवून बंद करू नका. त्रास 24 तासांहून जास्त टिकला तर मात्र डॉक्टरांना फोन कराच.

डोस चुकला तर पुढचा दुप्पट घेऊ नका.

रक्ततपासणी टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. औषध सुरू करण्याआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरची तपासणी, मग डॉक्टर सांगतील तशी दर 3 ते 6 महिन्यांनी. रिपोर्टात लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची टक्केवारी नको, अ‍ॅब्सोल्यूट आकडा बघा. तो बराच काळ (दर मायक्रोलिटर रक्तात) 500च्या खाली राहिला तर पीएमएल या मेंदूच्या गंभीर संसर्गाचा धोका वाढतो. नागीण उठली, ताप हटेना, बोलण्यात किंवा वागण्यात बदल वाटला, तर लगेच कळवा. वागण्यातला बदल आपल्याला स्वतःला कळत नाही, म्हणून हे मी माझ्या नवऱ्याला आणि लेकीला दोघांनाही सांगून ठेवलंय.