डिझेल पिकअपला ट्यूनिंग करून ट्रॉली ओढताय? या चुका टाळा

काँक्रीट मिक्सर, जनरेटरची ट्रॉली, कॉम्प्रेसर, पाण्याचा टँकर. पिकअपच्या मागे हुकाला लावून काय काय ओढलं जातं, ते कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या रस्त्यावर दिसतंच. चढाला गाडी दम टाकायला लागली की कुणीतरी ट्यूनिंग बॉक्स (सेन्सरच्या वायरला जोडायची, ताकद वाढवणारी डबी) सुचवतं, कुणी ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सेटिंग बदलून घ्यायला सांगतं. रिमॅपनं ओढ वाढते, त्यात शंका नाही. पण रिकामी गाडी पळवून आवडलेलं सेटिंग वेगळं आणि लोड घेऊन घाट चढायचं सेटिंग वेगळं. इंजिन बसतं ते बहुतेक वेळा याच गोंधळात. ट्रॉली ओढायची असेल तर आधी गाडी किती तापते ते बघा, ताकदीचं नंतर.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल करता येत नाही. परवानगीशिवाय केलेल्या बदलाला कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रॉलीची नोंदणी वेगळी लागते. रिमॅपमुळे कंपनीची वॉरंटी जाऊ शकते, आणि विमा कंपनीला कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी वाद होतो. आरटीओ आणि विमा एजंट या दोघांशी बोलूनच पुढचं पाऊल टाका.

सरळ सगळ्यात वरचा नंबर लावणं

बॉक्सवर किंवा ट्यूनरच्या यादीत साधारण तीन पायऱ्या असतात: इकॉनॉमी, टोइंग आणि स्पोर्ट. स्पोर्टमध्ये डिझेल जास्त जातं, इंजेक्शन लवकर सुरू होतं आणि लांबतं, टर्बोचं प्रेशर वाढतं. हायवेला ओव्हरटेक करताना हे आठ-दहा सेकंदच चालतं, तेवढ्यात काही तापत नाही. पण वैभववाडीकडून करूळ घाटानं गगनबावड्याला चढताना, किंवा साखरप्याहून आंबा घाट चढताना, पाय बराच वेळ खालीच असतो. त्या वेळात पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोचं चाक यांत उष्णता साठत जाते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तो वितळण्याच्या कितीतरी आधी मऊ पडतो, कडा झिजतात, रिंगा धरतात. मग गाडी निळा धूर मारायला लागते आणि ऑइल खाते.

ओढायच्या कामासाठी टॉर्कमधली (इंजिनाच्या ओढीतली) वाढ १० ते १५ टक्क्यांत ठेवावी, त्यापुढे जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. आकड्यांत बघा. कंपनीचा टॉर्क २०० न्यूटन-मीटर असेल तर वाढवून २२० ते २३०. चढाला एक गिअर वर राहण्याइतका फरक एवढ्यातही पडतो. कंपन्या स्वतः किती जपून वागतात त्याचं उदाहरण टोयोटा हायलक्सचं. २.८ लिटरचं इंजिन तेच, २०४ पीएस तेवढेच, पण ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर आणि मॅन्युअलला ४२०. इंजिन ५०० देऊ शकतं हे माहीत असूनही मॅन्युअल गाडीत ते ४२० वरच अडवलंय. टॉर्क किती द्यायचा हे ठरवताना इंजिनामागच्या क्लच-गिअरबॉक्सचाही विचार करावा लागतो, तो असा.

रिमॅप करून घेत असाल तर ट्यूनरला एक गोष्ट स्पष्ट सांगा: १,८०० आरपीएमच्या खाली टॉर्क कंपनीचाच ठेवायचा, वाढ त्याच्या वर आणि हळूहळू. ‘खालूनच जोर पाहिजे’ असा हट्ट गिऱ्हाईकच धरतं. कनेक्टिंग रॉड आणि क्लच यांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो त्यामुळेच.

ताकद आली म्हणून गिअर न टाकणं

ट्यूनिंगनंतरची ही नेहमीची सवय. आधी जिथे तिसरा टाकावा लागायचा तिथे आता चौथ्यावरच गाडी रेटली जाते, आरपीएम १,३०० ते १,४०० वर येतं आणि तरी पाय पूर्ण खाली. तेव्हा टर्बो पुरेशी हवा देत नाही, पण डिझेल भरपूर पडत असतं. वॉटर पंपही इंजिनाबरोबर हळू फिरतो आणि बेल्टवर चालणारा पंखाही. म्हणजे उष्णता जास्त आणि थंड करणारं सगळं मंद. लोड घेऊन चढताना बहुतेक पिकअप इंजिनं २,००० ते २,५०० आरपीएमला ठेवलेली बरी. आवाज वाढतो, डिझेल थोडं जास्त जातं, पण एक्झॉस्टचं तापमान उतरतं. ते मीटरवर लगेच दिसतं.

मीटर न लावता सेटिंग बदलत बसणं

डॅशबोर्डवरचा टेंपरेचरचा काटा यासाठी बिनकामाचा. पाणी तापेपर्यंत टर्बोचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. के-टाइप थर्मोकपल (जास्त तापमान मोजणारा सेन्सर) असलेला एक्झॉस्ट तापमानाचा मीटर बसवा, आणि सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवा. ड्रिल मारून आटे पाडताना मॅनिफोल्ड काढूनच काम करायचं. धातूचा एक कीस आत राहिला तरी टर्बोचं चाक खराब होतं. खटपट नको म्हणून सेन्सर टर्बोनंतरच्या पाइपात बसवला तर लोडवर आकडा १०० ते १५० अंशांनी, कधी त्याहूनही कमी दिसतो आणि माणूस निर्धास्त राहतो. बीएस-६ गाडीत कंपनीचे तापमान सेन्सर असतात, पण त्यातले बरेचसे टर्बोनंतर, डीपीएफजवळ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर). त्यांच्या आकड्यावर घाटातला निर्णय घेऊ नका.

टर्बोच्या आधी मोजलेलं तापमान लांब चढावर ६५० अंश सेल्सिअसपर्यंत असेल तर ठीक. ७०० ला पोचलं की पाय सोडा आणि एक गिअर खाली घ्या. तरीही ७०० च्या वरच राहत असेल तर ते सेटिंग तुमच्या लोडसाठी नाही, एक नंबर खाली या. घाटमाथ्यावर पोचल्यावर गाडी लगेच बंद करू नका, दोन-तीन मिनिटं आयडलला चालू द्या. गरम टर्बोत थांबलेलं ऑइल जळून बेअरिंगवर कोळसा धरतं.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या मोबाइलवरच्या ओबीडी ॲपमध्ये टर्बोचं प्रेशर बघताना बहुतेक जण फसतात. ॲप इनटेक मॅनिफोल्डचं (हवा आत जाते त्या बाजूचं) एकूण प्रेशर दाखवतं, त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. ॲपवर २२० दिसलं तर त्यातून ९५ वजा करा, १२५ उरतात, म्हणजे सव्वा बार. ‘टर्बो २.२ बार मारतोय’ म्हणून घाबरायचं किंवा खूश व्हायचं कारण नाही. त्याच ॲपवर गाडी बंद ठेवून फक्त चावी ऑन केली तर आकडा ९५ च्या जवळ यायला हवा. तो फार वेगळा असेल तर सेन्सर तपासा.

ट्रायल कुठे घ्यायची हाही प्रश्न असतो. इचलकरंजीच्या सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही. वाघबीळहून पन्हाळ्याकडचा चढ जवळचा आहे, पण छोटा. तिथे फक्त क्लच आणि धूर कळतो. खरी परीक्षा कोकणातून परत येताना, लोडसकट. आधी बॉक्स काढून किंवा मूळ फाइलवर एक फेरी मारा आणि तापमान, गिअर, आरपीएम लिहून ठेवा. मग सगळ्यात खालच्या सेटिंगवर तीच फेरी, तेवढंच वजन, तोच गिअर. शक्यतो दुपारीच, कारण पहाटेच्या गारव्यात पास झालेलं सेटिंग एप्रिलच्या दुपारी नापास होतं.

स्कॅनरवर बिघाडाचा कोड आला की पार्ट बदलणं

रेल सेन्सरला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपातलं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरला) लावायचा बॉक्स काय करतो ते समजून घ्या. तो सेन्सरचा सिग्नल मध्येच पकडून ईसीयूला खरं असेल त्यापेक्षा कमी प्रेशर सांगतो. ईसीयूला वाटतं प्रेशर कमी पडतंय, म्हणून ते वाढवतं. त्यामुळे बॉक्स जोडलेला असताना स्कॅनरवर दिसणारं रेल प्रेशर खरं नसतं, खरं त्याहून जास्त असतं.

यातूनच पी ००८७ म्हणजे ‘रेल प्रेशर कमी’ हा कोड येतो. गॅरेजला गाडी गेली की आधी डिझेल फिल्टर बदलला जातो, मग पंपावर संशय येतो, आणि पंप म्हणजे मोठा खर्च. त्याआधी बॉक्स काढा, कंपनीचा कनेक्टर थेट जोडा, कोड पुसा आणि त्याच चढावर त्याच लोडला गाडी न्या. कोड परत आला नाही तर दोष बॉक्सच्या सेटिंगचा आहे, नंबर कमी करा. परत आला तर फिल्टरमधलं पाणी काढा, फिल्टर बदला, मग लिफ्ट पंप आणि रिटर्न लाइन बघा. हाय प्रेशर पंपाचा नंबर सगळ्यात शेवटी. पी ००८८ म्हणजे ‘प्रेशर जास्त’ आला तर मात्र प्रयोग थांबवून बॉक्स तिथेच उतरवा.

पी ०२९९, टर्बोचं प्रेशर कमी. ट्यूनिंगनंतर हा आला तर दहापैकी नऊ वेळा टर्बो शाबूत असतो आणि इंटरकूलरची (टर्बोची गरम हवा थंड करणारा) होज किंवा क्लिप गळत असते. जुन्या क्लिपा कंपनीच्या प्रेशरला टिकतात, वाढलेल्या प्रेशरला सुटतात. लक्षणं ठरलेली: काळा धूर, शिट्टीसारखा आवाज, आणि होजच्या जोडावर ऑइल-धुळीचा काळा पट्टा. होजचं पोट हातानं दाबून बघा, आतून पापुद्रा सुटला असेल तर मऊ लागतं. खात्रीसाठी इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरकडच्या पाइपाला बूच लावा, एक बारच्या आत हवा भरा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. फेस कुठे येतो ते दिसतं. एअर फिल्टर चोंदला असेल तर तोच कोड येतो. कारखान्यांच्या हंगामात उसाच्या शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या किलोमीटरची वाट न बघता तपासावा.

क्लचचा अंदाज न घेणं

क्लच आधीच अर्धा झिजला असेल तर १५ टक्के वाढही तो पेलत नाही. साधी चाचणी: रिकामा सरळ रस्ता, वरचा गिअर, १,५०० आरपीएम, आणि एकदम पूर्ण पाय. आरपीएम उडाला आणि स्पीड तिथेच राहिला तर क्लच घसरतोय. अशा गाडीला आधी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट, मग ट्यूनिंग. चढावर ट्रॉलीसकट गाडी उचलताना हाफ क्लचवर तोलून धरू नका, हँडब्रेक वापरा.

डीपीएफ, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) ‘काढून टाकणं’

बीएस-६ गाड्या १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाताहेत आणि डीपीएफ त्यांचा भाग आहे. तो काढणं बेकायदेशीर आहे, आणि काढायचं कारणही नाही. काळा धूर मारणारं सेटिंग डीपीएफ लवकर भरतं. मग तो साफ करायला गाडी वरचेवर जादा डिझेल सोडते आणि त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं, वास डिझेलचा आला, तर आनंद मानू नका. ऑइल पातळ झालंय, लगेच बदला आणि सेटिंग खाली आणा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घ्या.

जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या पिकअपला बॉक्स लागतच नाही, तिथे पंपाचा स्क्रू फिरवून ‘डिझेल वाढवून’ देतात. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, मिळतो फक्त धूर. ते करूच नका.

वजन आणि ब्रेक विसरणं

मार्केट यार्डात आणि साखर कारखान्यांच्या वाटेवर वजनकाटे आहेत. भरलेली ट्रॉली एकदा काट्यावर घाला. अंदाजाला ८०० किलो वाटणारा लोड १,२०० निघतो. ओव्हरलोडला कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० दंड आहे. एका ॲक्सलच्या ट्रॉलीचं साधारण १० टक्के वजन हुकावर यावं. १,००० किलोच्या ट्रॉलीला १०० किलोच्या आसपास. हुकाच्या उंचीवर काटा ठेवून ते मोजता येतं. वजन मागे गेलं तर ट्रॉली ५०-६० च्या स्पीडला शेपूट हलवायला लागते. हुकावरचं वजन पिकअपच्या क्षमतेत मोजायचं, हेही लक्षात ठेवा.

मिक्सर आणि जनरेटरच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. इंजिन वाढवलं तरी थांबवायचं काम पिकअपच्याच ब्रेकवर. फोंडा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच्यापेक्षा एक खालचाच गिअर धरा आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा-थोडा मारा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ३ किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला आणि दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा संपल्यावर, बदला.