एमजीबीचा हीटर काढताय? या चुका टाळा

हीटर आधी ठेवला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली, असं ब्रिटनमधले एमजीबीवाले, म्हणजे एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे मालक, म्हणतात. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाडीत हीटरचा पत्र्याचा डबा बॉनेटखाली, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) आडव्या पत्र्यावर बसवलेला असतो. वरून पाहिलं तर काम सोपं वाटतं. दोन होज, पंख्याच्या वायरी, कडेचे स्क्रू, बस्स. फसगत इथेच होते, कारण डब्याला धरून ठेवणाऱ्या बऱ्याच गोष्टी केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या मागे असतात.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्क्रू निघाले की डबा उचकटायला लागणं. विंडस्क्रीनकडे हवा नेणारे पाइप ज्या तोंडांना लावलेले असतात, ती फायरवॉलमधून आत आलेली असतात. ती आतून मोकळी केल्याशिवाय डबा वर येणारच नाही. हवेच्या झडपेची केबलही सोडवावी लागते. त्यासाठी आधी मधला कन्सोल आणि रेडिओ काढा, पायाकडच्या जागेत पाठीवर झोपा आणि हात वर घालून एकेक जोड सोडवा. कंटाळवाणं आहे, पण यातला अर्धा तास वाचवायला जाल तर डब्याची कड वाकेल आणि ती पुन्हा कधीच सरळ बसणार नाही. सगळं सुटूनही डबा हलत नसेल, तर खालची जुनी सीलपट्टी चिकटलेली असते. हीट गनने थोडी ऊब द्या, पातळ रुंद पट्टी कडेने हळूहळू सरकवा. स्क्रू ड्रायव्हर एकाच जागी खुपसू नका.

होज ओढून किंवा पिळून काढणं ही दुसरी सवय सोडा. आतल्या कोअरच्या, म्हणजे गरम पाणी फिरणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या, नळ्या झाळून जोडलेल्या असतात. जुनं रबर त्यांना घट्ट धरून बसतं आणि जोर केला की डाखाची जागा फाटते. होज तसाही नवा घालायचाच आहे, तेव्हा ब्लेडने लांबीत चिरा आणि सालासारखा सोलून काढा. त्याआधी कूलंट पूर्ण उतरवा. इंजिन ब्लॉकचा नळ उघडूनही काही आलं नाही, तर पाणी संपलंय असं समजू नका. तोंडाशी गाळ बसलेला असतो, तारेने मोकळा करा. कूलंट भांड्यात धरा आणि लगेच झाका. गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरी ते चाटतात आणि त्याने मरतात.

गरम पाण्याचा व्हॉल्व्ह सिलिंडर हेडवर असतो. त्याचे नट गंजलेले असतील तर आदल्या रात्री भेदक तेल मारून ठेवा. स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) हेडमध्ये तुटला, तर हीटरचं काम बाजूला राहतं आणि हेडचं काम सुरू होतं. पाने इंची हवेत. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास’ बसतो आणि नटाचे कोपरे खातो. जुनं गॅस्केट कोरडं घासू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून खरवडा.

वीज आधी तोडा, बॅटरी सीटच्या मागे आहे. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, त्यामुळे पंख्याची मोटर बाहेर तपासताना वायरी कशा होत्या त्याचा फोटो हाताशी ठेवा.

डबा निघाला की त्याला लागून असलेला हवेचा कप्पा बघा. वायपरसमोरच्या जाळीतून आत पडलेलं पावसाचं पाणी एका रबरी नळीने गिअरबॉक्सच्या बोगद्यात उतरतं. नळी पालापाचोळ्याने तुंबली, तर पाणी कप्प्यात साठतं, हीटरमध्ये शिरतं आणि पत्रा आतून खातं. हा कप्पा एरवी हाताला लागत नाही, त्यामुळे तो साफ न करता नवा रंग मारणं मला अक्षम्य वाटतं.

पुण्या-मुंबईकडच्या मालकांनी ‘आपल्याकडे हीटर कशाला’ म्हणून डबा भंगारात देऊ नये. पावसाळ्यात काचेला आतून वाफ धरते, तेव्हा तिच्यावर हवा सोडणारी व्यवस्था हीच आहे, आणि व्हॉल्व्ह बंद ठेवला की याच वाटेने बाहेरची ताजी हवा येते.

परत बसवण्याआधी कोअर बादलीत बुडवून, रेडिएटरच्या झाकणावर छापलेल्या दाबापेक्षा जास्त नाही इतक्याच हवेने तपासा. बुडबुडे दिसले तर तो तसाच बसवू नका. कोअरच्या कडेच्या फटी बंद करणारा जुना फोम भुगा होऊन पडतो. तो किती जाड होता ते आधी मोजा आणि तेवढाच नवा लावा.

सगळं जोडूनही हवा कोमटच येत असेल, तर दोन्ही होजना हात लावा. एक गरम, दुसरा गार असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडतोय, कोअर तुंबलाय किंवा आत हवा अडकली आहे. दोन्ही गरम असतील तर पाणी ठीक फिरतंय. हवा कोअरला बगल देऊन कडेच्या फटीतून निघते आहे. मग डब्याचं झाकण पुन्हा उघडायचं आणि फोम बघायचा. झाकणाच्या गंजलेल्या क्लिप सटकन उडतात, चष्मा घालून काढा.