दोन मुलग्यांना घेऊन एकटीने बाहेर पडताना: सारसबाग, पर्वती आणि कात्रज

सुट्टीच्या दिवशी मुलांना कुठे न्यायचं, याचा विचार आपण आधी करतो. तीन आणि सहा वर्षांचे दोन मुलगे आणि मोठं माणूस तुम्ही एकटीच, अशी गत असेल तर आधी परतीची वेळ ठरवा. रडारड, मारामारी, ‘मला उचलून घे’ हे सगळं बहुधा शेवटच्या अर्ध्या तासात होतं. तोवर पोट रिकामं झालेलं असतं, ऊन चढलेलं असतं आणि आईचाही धीर संपत आलेला असतो. धाकटा दुपारी एकला झोपत असेल तर साडेअकराला घरात पाय हवा. म्हणजे अकराला रिक्षात किंवा बसमध्ये, साडेदहाला खाणं आणि शू उरकलेली. असं मागे मोजत गेलं की सकाळी सातला निघायचं हे आपोआप ठरतं. मधे उरलेल्या वेळात एकच ठिकाण बसतं. दोन बसवायला जाऊ नका.

पुण्यात राहणाऱ्यांनी सुरुवात सारसबागेपासून करावी. मोकळं गवत आहे, तळ्यातल्या गणपतीचं देऊळ आहे आणि मुलगा पळाला तरी बराच वेळ नजरेच्या टप्प्यात राहतो. इथे खरोखरच तळं होतं, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं. देऊळ त्या तळ्यातल्या बेटावर होतं. सहा वर्षांच्या मुलाला ‘आपण आत्ता तळ्याच्या तळाशी उभे आहोत’ एवढं सांगितलं की पुढची दहा मिनिटं तो तुमचा नसतो. देवळाभोवती अजून पाणी आहे, त्यामुळे त्या बाजूला धाकटा हाताच्या अंतरावरच हवा. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं आणि बुडताना ओरडत नाही. शेजारच्या पेशवे उद्यानात फुलराणी ही मुलांची छोटी आगगाडी आहे, 1956 साली सुरू झालेली. तिच्यासाठी म्हणून निघणार असाल तर गाडी चालू आहे का हे आधी विचारून घ्या, नाहीतर दारातच भोकाड ऐकावं लागेल.

सारसबाग दोन-तीनदा सुखाने पार पडली की पर्वतीची टेकडी. साधारण शंभर पायऱ्या आहेत (103 असं सांगतात). दगडी, रुंद, तिरक्या उताराच्या. तीन वर्षांचं मूल त्या स्वतःच्या पायांनी चढतं, फक्त मधे तीन-चारदा थांबावं लागतं. थांबायची जागा तुम्ही ठरवा, त्याचे पाय दुखायला लागायच्या आधी. पंचवीस पायऱ्या झाल्या की दोन घोट पाणी, पुन्हा पंचवीस. मोजायचं काम धाकट्याकडे द्या. आकडे चुकले तरी चालतात, मोजण्याच्या नादात तो चढत राहतो.

पडणं होतं ते उतरताना. थोरला धावत सुटतो, धाकट्याची नजर पायरीवर नसून दादावर असते. तिरक्या पायरीवर वेग आपोआप वाढतो आणि पाय कडेवरून घसरतो. म्हणून उतरताना आई नेहमी खालच्या बाजूला, मुलांच्या दोन पायऱ्या पुढे. थोरल्याला सांगून ठेवा: आईच्या पुढे कोणी जायचं नाही. धाकटा कठड्याच्या बाजूने, एक हात कठड्यावर. पाऊस पडून गेला असेल तर पर्वती रद्द. ओल्या, गुळगुळीत दगडावर एका हाताने दोन मुलं सावरता येत नाहीत.

धाकटा बसकण मारतो तेव्हा त्याला मनगटाला धरून वर ओढू नका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपराचं हाड अशा झटक्याने जागेवरून किंचित सरकतं. दोघांनी दोन हात धरून झोका देण्याच्या खेळातही हेच होतं. मूल मग तो हात हलवत नाही, शरीरालगत लटकता ठेवतं. असं दिसलं तर चोळू नका, ओढू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. ते बहुतेक वेळा काही क्षणांत हाड जागेवर बसवतात. उचलायचं झालं तर दोन्ही काखांत हात घालून.

वर पोहोचल्यावर देवदेवेश्वराचं दर्शन, मग कठड्यापाशी बसून शहर बघणं. हवा स्वच्छ असेल तर सिंहगड दिसतो. 1817 मध्ये खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली, हे थोरल्याला सांगण्यासारखं आहे. तो लगेच खडकी कुठल्या बाजूला ते विचारेल, तेव्हा दिशा आधी पाहून ठेवा. तिथलं पेशव्यांचं संग्रहालय या वयाला ओढूनताणून दाखवू नये. काचेला हात लावू नको, पळू नको, बोलू नको, एवढं तीन वर्षांच्या मुलाला अर्धा तास पाळता येत नाही. तो त्याचा वांडपणा नाही, वय आहे.

आता पिशवी. हात मोकळे हवेत म्हणून पाठीवरची सॅकच. पाणी तुमच्यासाठी एक लिटर, मुलांना अर्धा-अर्धा लिटर. धाकट्याचा कपड्यांचा पूर्ण जोड चड्डीसकट, थोरल्याची नुसती चड्डी आणि पँट. दोन रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक ओल्या कपड्यांसाठी आणि एक उलटीसाठी. ओला करून पिळलेला नॅपकिन डब्यात, कागदी साबण, चार-पाच चिकटपट्ट्या, जुन्या साडीचा बसायला तुकडा. उन्हाळ्यात ओआरएसचं एक पाकीट. ते फोडलंत तर पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, म्हणजे बहुतेक पाकिटं एक लिटरात. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट घातलं तर मीठ जास्त होऊन मुलाला अपाय होतो.

थोरल्याने स्वतःची पिशवी स्वतः न्यावी. वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा कमी ठेवा. वीस किलोच्या मुलाला दोन किलो ही वरची हद्द, खरं तर भरलेली बाटली, टोपी आणि खाऊचा डबा मिळून किलोभरच होतो. निघताना घेतलेली पिशवी परत येईपर्यंत आईच्या खांद्यावर येऊ देऊ नका. बहिणीने डबा भरायचा, आईने ओझं वाहायचं आणि भावाने नुसतं पळायचं ही सवय याच वयात लागते. ती लागू नये म्हणून आत्ताच काम द्यायचं. तीन वर्षांचा मुलगाही आपली टोपी आणि रुमाल सांभाळू शकतो. रुमाल दोनदा हरवेल, हरवू द्या.

खाणं दोन वाट्यांत विभागा, अर्धं चढायच्या आधी आणि अर्धं उतरल्यावर. सगळा डबा वरच उघडला तर भरल्या पोटी उतरताना मुलं कुरकुरतात आणि परतीच्या बसमध्ये भूक लागते तेव्हा काही उरलेलं नसतं. एका मुलाला तूप-गूळ लावलेल्या पोळीची एक गुंडाळी, दोन तिखटमिठाच्या पुऱ्या आणि एक राजगिऱ्याचा लाडू पुरतो. केळी न्यायची तर डब्यात, सॅकमध्ये मोकळी ठेवली की लगदा होतो. चिवड्यातले शेंगदाणे काढा. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, पळता पळता तर मुळीच नाही. दाण्याच्या आकाराची कडक वस्तू श्वासनलिकेत अडकते. खायचं ते बसूनच, हा नियम एकदाही मोडू नका. बाहेरच्या भेळेचं आधीच सांगून ठेवा, आज मिळणार की नाही. गाडीसमोर उभं राहून ठरवायला गेलात तर जो मोठ्याने रडेल तो जिंकतो आणि पुढच्या वेळी तो आणखी मोठ्याने रडतो.

शूचा प्रश्न मुलग्यांच्या बाबतीत सोपा समजला जातो, कारण झाड दिसलं की उभं करता येतं. कृपा करून करू नका. तीन वर्षांच्या मुलाला रस्त्याच्या कडेला उभं केलं की ती त्याची रीत होते आणि तिसाव्या वर्षीही तो तेच करतो. घरून निघताना, पोहोचल्यावर आणि परत निघताना स्वच्छतागृहात न्यायचं. ‘आली का?’ असं विचारू नये, खेळात रमलेला मुलगा ‘नाही’ म्हणतो आणि पाच मिनिटांनी चड्डी ओली करतो. ‘आता जाऊन येऊ’ एवढंच म्हणा. धाकटा बिनदिक्कत बायकांच्या बाजूला येतो. थोरला सहा-सात वर्षांचा झाला की संकोचतो. त्याला पुरुषांच्या बाजूला जायचं असेल तर जाऊ द्या, तुम्ही दाराशी उभं राहून त्याच्याशी बोलत राहा आणि आतून उत्तर येत राहिलं पाहिजे असं बजावा. पँट इलॅस्टिकची घ्या. घाईत चेन लावताना कातडी अडकते. अडकलीच तर चेन वर-खाली ओढू नका, ओढल्याने जखम मोठी होते. दवाखान्यात चेन कापून सोडवतात.

जायचं कसं? एका स्कूटरवर दोन मुलं नकोत. पुढे उभा एक आणि मागे बसलेला दुसरा, यातला मागचा पेंगला की तुम्हाला कळतही नाही. एकच मूल न्यायचं असेल आणि ते चार वर्षांखालचं असेल, तर 2023 पासून नियमच आहे: चालवणाऱ्याला बांधलेला सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत. दोघांसाठी रिक्षा किंवा पीएमपीची बस बरी. रिक्षात आधी मुलं चढतील, मग आई डाव्या, उघड्या बाजूला बसेल. उतरताना आधी आई. बसमध्ये खिडकीवरून जुंपते. मिनिटं मोजून वाटणी करू नका, घड्याळ कळत नसलेल्या मुलाला ती अन्यायच वाटते. जाताना खिडकी एकाची, येताना दुसऱ्याची. ज्याला बस लागते त्याने निघायच्या तासभर आधी हलकं खावं आणि पुढे, लांब पाहत बसावं. त्याला मोबाइल दिला की मळमळ वाढते.

काठी आणि दगड हा मुलग्यांबरोबरचा स्वतंत्र विषय आहे. बाहेर पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दोघांच्या हातात काठ्या येतात. काढून घेतल्या की दुसऱ्या येतात. त्यापेक्षा नियम द्या: काठीचं टोक जमिनीकडे, गुडघ्याच्या वर नाही, पायऱ्यांवर काठी नाही. नियम मोडला की काठी त्या दिवसापुरती आईकडे, ओरडाआरडा न करता. दगड मारायचा तर ठरवून दिलेल्या निशाणावर, माणूस, कुत्रा, पक्षी आणि पाणी सोडून. जोर काढायला जागा दिली की तो एकमेकांवर निघत नाही, निदान कमी निघतो.

आणि मुलगा पडला, गुडघा फुटला, तर ‘मुलगे रडतात का?’ हे वाक्य तोंडातून काढू नका, शेजारच्या आजोबांनी काढलं तरी त्यावर मान डोलवू नका. लागलं की रडू येतं. ते दाबायला शिकवलं की दुखणं सांगायचंही तो बंद करतो, आणि मग पोटात दुखतंय की शाळेत कोणी मारतंय हे आईला कळायचा मार्ग उरत नाही. खाली बसा, ‘लागलं ना’ म्हणा, बाटलीतल्या पाण्याने जखम धुवा, साबणाने कडेची माती काढा, पट्टी लावा. बहुतेक रडणी एवढ्यात थांबतात. डोक्यावर पडला असेल तर दिवसभर लक्ष ठेवा. पुन्हा पुन्हा उलटी, नेहमीपेक्षा वेगळी गुंगी, बोलण्या-चालण्यात फरक किंवा क्षणभरही शुद्ध हरपणं, यातलं काही दिसलं तर थेट रुग्णालय.

गर्दीच्या ठिकाणी मूल नजरेआड होण्याची तयारी घरातच करावी. निघताना दोघांचा एक फोटो काढा म्हणजे आज कुठला शर्ट घातला हे आठवावं लागत नाही. मोबाइल नंबराची चिठ्ठी खिशात ठेवा. शर्टावर नाव लिहू नका, नावाने हाक मारणारा माणूस मुलाला ओळखीचा वाटतो. थोरल्याला तुमचं पूर्ण नाव आणि नंबर चालीत म्हणायला शिकवा, कारण विचारल्यावर मुलं नुसतं ‘आई’ सांगतात. त्याला हेही सांगून ठेवा: हरवलास तर तिथेच थांब, मोठ्याने आईचं नाव घे, आणि मुलं बरोबर असलेल्या बाईला किंवा गणवेशातल्या रखवालदाराला सांग. तुम्ही आधी पाण्याकडे आणि रस्त्याकडे बघा, मग बाकीकडे. सापडत नसेल तर वाट न पाहता 112 ला फोन करा, मुलांसाठीचा 1098 हा क्रमांकही साठवून ठेवा.

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय ही पुढची पायरी. ते बुधवारी बंद असतं. आवार 130 एकरांचं, त्यामुळे सगळं दाखवायच्या फंदात पडू नका. आदल्या रात्री दोघांनी मिळून तीन प्राणी निवडायचे, वाघ आणि साप बहुतेक ठरलेलेच. जाताना चालत, येताना बॅटरीच्या गाडीतून, कारण पाय परतीलाच गळतात. दुपारी प्राणी सावलीला जाऊन झोपतात आणि मुलं पिंजऱ्यावर ओरडायला लागतात, म्हणून इथेही सकाळच बरी.

घरी आल्यावर लगेच अंघोळ नको, आधी आवराआवर. बूट दाराशी, बाटल्या मोरीत, डबा थोरल्याने स्वतः विसळायचा, ओले कपडे बादलीत टाकायचं काम धाकट्याचं. तुम्ही सॅक पूर्ण रिकामी करा, त्याच दिवशी. विसरलेली पुरी किंवा ओली चड्डी तीन दिवसांनी सापडली की सॅकही धुवावी लागते. चिकटपट्ट्या, कागदी साबण आणि रिकाम्या पिशव्या मात्र वापरल्या तेवढ्या भरून परत आतच ठेवा.