लीक झालेला कंट्रोलर खरा की बनावट? या चुका टाळा

नव्या गेमिंग कन्सोलची कुणकुण लागली की कुठून तरी कंट्रोलरचा धूसर फोटो निघतोच, आणि मग "दादा, हा खरा आहे का?" असे मेसेज सुरू होतात. दर वेळी लोक त्याच चुका करतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे "पेटंटशी जुळतंय, म्हणजे खरंच." अहो, प्रसिद्ध झालेलं पेटंट बनावट करणाऱ्यालाही वाचता येतं! मार्च २०१६ मध्ये निन्टेंडोच्या 'एनएक्स'चा (येऊ घातलेल्या कन्सोलचं तेव्हाचं सांकेतिक नाव) म्हणून एक अंडाकृती कंट्रोलर फिरला. पुढचा सगळा भाग स्क्रीन आणि काचेतून वर आलेल्या, अंगठ्याने फिरवायच्या दोन स्टिक. निन्टेंडोच्या पेटंटमध्ये तसंच चित्र होतं. त्यात काही दिवसांतच दुसऱ्याच माणसाकडून दुसरा फोटो आला आणि भल्याभल्यांची खात्री पटली. प्रत्यक्षात पहिला फोटो म्हणजे संगणकावर बनवलेलं चित्र (रेंडर) होतं आणि दुसऱ्याने तो पाहून थ्रीडी प्रिंटरवर तसाच सांगाडा बनवला होता. दोघांनीही नंतर कबुली दिली. २० ऑक्टोबर २०१६ ला तो 'एनएक्स' स्विच या नावाने समोर आला, तो कडेच्या सुट्या होणाऱ्या जॉय-कॉन कंट्रोलरसह. तेव्हापासून दुसरा फोटो आला की मी आधी एकच बघतो: पहिल्यात न दिसलेलं याच्यात काही दिसतंय का? नसेल तर तो दुसरा साक्षीदार नव्हे, पहिल्याचीच नक्कल.

"किती ओबडधोबड आहे, खोटाच असणार" हीही चूकच. फेब्रुवारी २०१३ मध्ये टचपॅडवाल्या प्लेस्टेशन कंट्रोलरचा फोटो फुटला, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. २० तारखेला सोनीने प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर ड्युअलशॉक ४ दाखवला आणि त्यावर तो टचपॅड होता. प्रोटोटाइप, म्हणजे विक्रीआधीचा नमुना, हा काम तपासायला बनवतात, मिरवायला नव्हे.

'विक्रीसाठी नाही' असं स्टिकर पाहून भुलू नका, ते कुणीही छापतं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ माहिती (कधी, कोणत्या कॅमेऱ्याने काढला ती) उरत नाही, त्यामुळे मूळ फाइलच मागा. जमल्यास स्टिक फिरवतानाचा व्हिडिओही मागा.

आता वस्तू हातात असेल तर. तीन वर्षांपूर्वी एका मित्राने "२०१९ चा ड्युअलसेन्स (प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर) प्रोटोटाइप" घेऊन येणाऱ्या विक्रेत्याला माझ्याकडे आणलं. मित्राला घाई होती, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे" म्हणत होता. घाई दिसली की मी आणखी सावकाश होतो. विक्रेत्याची परवानगी घेऊन चार स्क्रू काढले, रिबन केबलला धक्का न लावता कवच उचललं आणि भिंगाखाली एकेक चिप वाचत गेलो. बऱ्याच चिपवर चार आकडी तारीख-कोड असतो: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. एका चिपवर होतं २११७. म्हणजे २०२१ चा सतरावा आठवडा. ड्युअलसेन्स तर नोव्हेंबर २०२० मध्येच दुकानात आला होता! विक्रेता म्हणाला, "बोर्ड नंतर बदलला असेल." मग प्रोटोटाइप म्हणून उरलं काय? नुसतं कवच, तेही रंग दिलेलं. मित्राने पैसे परत खिशात घातले.

कवच उघडू देत नाही, त्याच्याकडून मी काहीही घेत नाही.