बिनबियांच्या द्राक्षाचं कलम: या चुका टाळा

निफाडकडे बागेत आलेले पाहुणे हमखास विचारतात, "द्राक्षात बीच नाही, मग रोप येतं कुठून?" काडीतून. थॉमसन या बिनबियांच्या जातीची प्रत्येक वेल ही जुन्या वेलीच्या काडीचीच वाढ. तास-ए-गणेश ही जातसुद्धा थॉमसनच्याच वेलीवर डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, झालेल्या बदलातून मिळाली. म्हणूनच काडी निवडताना चुकलं, तर ती चूक बाग असेपर्यंत सोबत राहते.

मी ती केली आहे. दोन ओळींना काडी कमी पडली, म्हणून घड न बघताच दुसऱ्या बागेतून आणली. वेली हिरव्यागार वाढल्या, पण घड मोजकेच. दोन वर्षं खतपाणी घातल्यावर कळलं. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये, माल वेलीवर असतानाच, चांगल्या वेलींच्या खोडाला ऑइल पेंटचा ठिपका देतो. कलम भरायच्या वेळी फक्त त्यांचीच काडी घ्यायची.

काडी कापली की आतला गाभा बघा. तपकिरी, कोरडा असेल तर घ्या. हिरवट-पांढरा, ओलसर असेल तर काडी कच्ची आहे, ती भरू नका.

ज्याच्यावर काडी बसवायची तो डॉगरिज जातीचा मुळांचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाल्याशिवाय घाई नको. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर हा काळ बरा. "डोळा फुगला होता, मग सुकला" ही तक्रार फार ऐकू येते. डोळा फुगला म्हणजे कलम लागलं असं नव्हे. काडीत साठलेल्या अन्नावर तो फुगतो. साल सालीला चिकटली नसेल किंवा खुंट पाण्याविना ताणलेला असेल, तर साठा संपला की सुकतो. काडीची पाचर खुंटात बसवताना निदान एका बाजूची साल तरी नेमकी जुळवा आणि आधी चार दिवस खुंटाला पाणी द्या. नंतर खुंटाचे रानफुटवे काढत राहा, जोडावर बांधलेली पट्टी वेळेवर सोडा. कलमाचा जोड मातीत गाडला जाऊ देऊ नका, नाहीतर वरच्या काडीलाच मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो.

दुसरी मोठी गफलत जीएची, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संजीवकाची. थॉमसनमध्ये फलधारणा होते, पण बी कोवळं असतानाच जिरतं. मणी चिरला की त्याचा मऊ ठसा दिसतो. बी मण्याला जे संजीवक पुरवतं ते इथे अपुरं पडतं, म्हणून आपण जीए देतो. घड पोपटी असताना 10 पीपीएम, म्हणजे 100 लिटरला 1 ग्रॅम. मणी 3-4 मिलीमीटरचे झाले की 40 पीपीएमचं डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवायचे. पावडर थेट पाण्यात टाकू नका, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवा. विहिरीचं पाणी जड असेल तर सामू (पीएच) तपासून सायट्रिक अॅसिडने 6 च्या आसपास आणा. जास्त मात्रेने देठ लाकडासारखा कडक होतो आणि मणी गळतात. तसं झालं असेल तर पुढच्या डिपिंगची मात्रा वाढवू नका, आधी तराजू तपासा. आमच्याकडे चहाच्या चमच्याने मोजायची सवय होती.