जुन्या स्पोर्ट्स गाडीचं स्टेअरिंग त्रास देऊन राहिलं? रॅक बदलायच्या आधी हे पाहा

पुण्या-मुंबईवाला जुनी अबार्थ पुंटो नाहीतर पहिली ऑक्टाव्हिया आरएस विकायला काढते, आपला माणूस हौसेनं यवतमाळ-वर्ध्याला घेऊन येते, अन् एक पावसाळा झाला की स्टेअरिंग ओढते, खडखडते, जड होते. मग मेकॅनिक गाडी नीट न पाहताच सांगते, रॅक गेला भाऊ. थांबा जरा. रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा खालचा दातेरी दांडा, तो सगळ्यात महाग, म्हणून सगळ्यात शेवटी पाह्यचा.

आधी फुकटातलं करा. सकाळी टायर थंड असताना हवा मोजा, दाराच्या स्टिकरवर आकडा असते तोच ठेवा, मे महिन्यात भर दुपारी मोजून जास्त दिसली म्हणून काढू नका. गाडी एकीकडं ओढत असन तर समोरची चाकं आपसात बदलून पाहा (टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असन तर नको), ओढायची बाजू बदलली तर दोष टायरचा. जरासं डावीकडं जाणं चालते, आपले रस्ते कडेला उतरतेच असतात. अन् फक्त जोरात रेस दिल्यावर ओढत असन तर घाबरू नका, अबार्थची १४५ पीएस (हॉर्सपॉवरसारखं माप) ताकद समोरच्याच चाकांवर येते, तेवढं होते.

आता प्ले, म्हणजे ढिलेपणा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एकानं स्टेअरिंग जरा-जरा इकडंतिकडं हलवत राहायचं, दुसऱ्यानं बाजूला बसून टॉर्च मारायचा, खाली शिरायचं नाही. टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतची दांडी) हलला पण चाक उशिरा हललं की टाय रॉड एंड (तिचं चाकाकडचं टोक) गेलं समजा. मग इंजिन बंद, जॅक लावा, स्टँड ठेवा (नुसत्या जॅकवर भरवसा नको), चाक घड्याळातल्या ९ अन् ३ वर धरून हलवा, खटखट आली तर बहुतेक टाय रॉड. १२ अन् ६ वर आली तर बॉल जॉइंट (चाकाकडचा गोल सांधा) नाहीतर बेअरिंग.

खरी गोम मात्र रॅकच्या बुटात असते, म्हणजे दोन्ही टोकांच्या त्या रबरी घड्यांत. पेरणीच्या दिवसात ट्रॅक्टर शेतातली काळी माती डांबरावर आणून टाकतात, गाडी बुटकी, चिखल तिथंच बसते अन् वाळून दगड होते. घडीत बारीक चीर पडली की पाणी आत, ग्रीस बाहेर, दांड्यावर गंज, अन् तो गंज आतलं सील कापते. बूट चिमटीत दाबून पाहा. आत ऑइल डबडब करत असन तर सील गेलं, आता रॅकचं बोला. चीर आहे पण आत कोरडं, गंज नाही, तर पुसा, ग्रीस भरा, नवा बूट नव्या क्लॅम्पसकट लावा. लय स्वस्तात सुटते.

जड वाटत असन तर पॉवर स्टेअरिंगच्या टाकीतलं ऑइल अन् बेल्ट पाहा. वळवताना कुंई-कुंई आवाज म्हणजे बहुतेक ऑइल कमी नाहीतर हवा शिरली. जुन्या ऑक्टाव्हियात हिरवं ऑइल लागते, दुकानदार लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल) देते, ते त्याच्यात मिसळू नका. हवा काढायला समोरची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, ऑइल भरत राहा. इलेक्ट्रिक स्टेअरिंग असन तर आधी बॅटरी तपासा, व्होल्टेज पडलं की दिवा लागते.

आधीच्या मालकानं गाडी खाली बसवली असन, स्पेसर (चाक बाहेर काढणाऱ्या चकत्या) लावले असन, तर खड्ड्यात ती हातातून पळतेच, नुसत्या अलाइनमेंटनं (चाकांचे कोन जुळवून) ते पुरतं सुटत नाही. विकत घेतानाच ओरिजिनल चाकं अन् स्प्रिंगा मागून घ्या.

टाय रॉड बदलला की अलाइनमेंट करावीच लागते, अन् दोरा लावून नाही, नागपूर-अमरावतीला कॉम्प्युटरवर करा, आधीचा अन् नंतरचा प्रिंट मागा. ८०-१०० ला स्टेअरिंग थरथरत असन तर पहिले बॅलन्सिंग. पण स्टेअरिंग मधातच अडकत असन नाहीतर फिरवूनही चाक फिरत नसन, तर चालवत नेऊ नका राजेहो, गाडी टोइंगवर टाका.