कारच्या एसीत गॅस भरताय? या चुका टाळा

एप्रिल सुरू झाला की गॅरेजबाहेर बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांग लागते आणि मागणी एकच असते: "थोडा गॅस मारून द्या." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, तेवढा सोडला तर कमी झालेला गॅस गळूनच गेलेला असतो. गळती न शोधता टॉप-अप केला, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच रांगेत यायचं.

सगळ्यात महागडी चूक: गेज बघून गॅस भरणं

बहुतेक जण निळ्या (कमी दाबाच्या बाजूच्या) गेजचा काटा ४० पीएसआयला आला की हात थांबवतात. काही जण तर गेजही लावत नाहीत. कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या जाड पाईपला घाम सुटला की "झाला फुल्ल"! मुंबईच्या जुलैत त्या पाईपला गॅस कमी असतानाही घाम येतो.

गेज दाब सांगतो, ग्रॅम सांगत नाही. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए (कारच्या एसीतला नेहमीचा गॅस) चा दाब ९७ पीएसआयच्या आसपास असतो. आत १५० ग्रॅम असो की ५००, थोडा द्रव शिल्लक असेपर्यंत आकडा तोच. एसी चालू असताना दाब बाहेरचं तापमान, कंडेन्सरवरची (गाडीच्या पुढच्या बाजूला गॅस थंड करणारी जाळी) हवा आणि इंजिनचा वेग यांवर हलतो. त्यात ड्रायर (ओलावा शोषणारी छोटी बाटली) जादाचा द्रव साठवून घेतो, त्यामुळे मधल्या टप्प्यात गॅस वाढत गेला तरी काटे जवळपास जागेवरच राहतात. ड्रायर भरला की द्रव कंडेन्सरमध्ये तुंबायला लागतो, गॅस थंड व्हायला जागा उरत नाही आणि लाल (जास्त दाबाच्या बाजूचं) गेज एकदम चढतं.

याची नेहमी बघायला मिळणारी केस म्हणजे छोटी हॅचबॅक. बॉनेटखालच्या स्टिकरवर ३८० ग्रॅम लिहिलेलं असतं, पण बाजारातला डबा ४५० ग्रॅमचा. "उरलेल्याचं काय करायचं?" म्हणून पूर्ण डबा आत जातो, वर आधीचा शिल्लक गॅस असतोच. हायवेला एसी बर्फासारखा, सिग्नलला गरम. दुपारी लाल गेज ३३० च्या वर, मग प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. निदान होतं, "कॉम्प्रेसर गेला." नवा कॉम्प्रेसर बसतो, तो स्वतःचं तेल घेऊन येतो, जुनं तेल कंडेन्सरमध्ये आणि केबिनमधल्या थंड कॉइलमध्ये असतंच, म्हणजे आता तेलही जास्त. शेवटी कुणीतरी रिकव्हरी मशीन लावून आतला गॅस काढून मोजतं आणि पाचशेच्या वर निघतो. जादा तेल काढून ३८० मोजून भरला की गाडी ठणठणीत. हजारोंचा कॉम्प्रेसर फुकट गेला, कारण काट्यावर वजन करायला कुणी थांबलं नाही.

उपाय कंटाळवाणा आहे. स्टिकर वाचा. जुना गॅस हवेत सोडू नका, मशीनने पूर्ण काढा. पंपाने आतली हवा खेचून व्हॅक्यूम करा, मग डबा वजनकाट्यावर ठेवून भरा. डब्यासाठी स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा डिजिटल काटा पुरतो. डब्याला जोडलेल्या पिवळ्या होजमधली हवा काढल्यावरच वजनकाटा शून्य करा. छोट्या गाडीत वीस-तीस ग्रॅमचा फरकही जाणवतो, आणि होजमध्ये अडकलेल्या द्रवाचंच वजन तेवढं भरू शकतं.

पहिला भाग इंजिन बंद ठेवून, डबा उलटा धरून, हाय साइडने (लाल होज) द्रव रूपात घाला. वजन उतरायचं थांबलं की लाल व्हॉल्व्ह घट्ट बंद करा, कॉम्प्रेसर हाताने दहा-बारा वेळा फिरवा, मग गाडी सुरू करा. उरलेला गॅस डबा सरळ ठेवून लो साइडने (निळी होज), हळूहळू. इथे डबा उलटा केला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये जाऊन व्हॉल्व्ह प्लेट मोडतो. आणि इंजिन चालू असताना लाल व्हॉल्व्ह उघडला तर दाब उलटा डब्यात येतो आणि डबा फुटू शकतो.

पाच मिनिटांचा व्हॅक्यूम

काटा खाली गेला की पंप बंद, ही दुसरी लाडकी सवय. पंप फक्त हवा काढायला नसतो, आतलं पाणी उकळवून काढायला असतो. ३० अंशाला पाणी उकळायला दाब ४२ मिलिबारच्या खाली जावा लागतो आणि तेलात मुरलेला ओलावा सावकाश सुटतो. तीस ते पंचेचाळीस मिनिटं द्या. मग व्हॉल्व्ह बंद करून पंप थांबवा आणि वीस मिनिटं काटा बघा. पुण्यात काटा २८ इंचांच्या (पाऱ्याच्या) पुढे जात नाही म्हणून पंपाला शिव्या देऊ नका. उंचीमुळे तिथे वातावरणाचा दाबच तेवढा आहे. मुंबईत तोच पंप २९ च्या पुढे जाईल.

ओलावा राहिला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलआधी द्रव बारीक छिद्रातून सोडणारा) तोंडाशी बर्फ धरतो. एसी वीस मिनिटं छान, मग गरम हवा, बंद करून पुन्हा लावला की परत छान. हे दिसलं की गॅस वाढवू नका, ड्रायर बदला.

व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असंही नाही. त्यात फरक जेमतेम १५ पीएसआयचा असतो. संशय असेल तर नायट्रोजन १५० पीएसआयपर्यंत भरून साबणाचं पाणी लावा. पंक्चरवाल्याची हवा नको, ऑक्सिजन तर अजिबातच नको.

बाकीच्या चुका

डबा गार पडला की कोमट पाण्यात ठेवा, ४० अंशांपर्यंत. लायटर किंवा हीट गन वापरणाऱ्याच्या शेजारी उभे राहू नका.

कंडेन्सरचा फॅन आणि चिखलाने बुजलेली जाळी आधी बघा. फॅन बंद असला तरी लाल गेज जास्त गॅस भरल्यासारखंच दिसतं.

कॉम्प्रेसरचं तेल स्टिकरवरचंच. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत साधं पीएजी (एसी कॉम्प्रेसरचं नेहमीचं) तेल घालू नका, कॉम्प्रेसरचं विद्युत इन्सुलेशन बिघडतं.

स्वस्तातल्या बेनामी डब्यात एलपीजी मिसळलेला असू शकतो, आणि तो केबिनमधल्या कॉइलमध्ये फिरतो. लीक बंद करणारं रसायन तर नकोच, पुढे रिकव्हरी मशीनही चोंदतं.

काम झाल्यावर रिसर्क्युलेशन लावा, ब्लोअर फुल्ल, १५०० आरपीएम, आणि मधल्या व्हेंटमध्ये थर्मामीटर. पुण्याच्या कोरड्या दुपारी ६-८ अंश मिळाले तर उत्तम. कोकणात पावसाळ्यात १०-१२ आले तरी गॅस वाढवायला धावू नका, कॉइलची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. होज काढल्यावर दोन्ही पोर्टवर (गॅस भरायची तोंडं) साबणाचा थेंब टाका. पिन गळत असेल तर फुगा येतो. मग टोपणं ओ-रिंगसकट घट्ट लावा.